मिरची-ढबूच्या रोपांची पानं पिवळी: पाणी जास्त, खत कमी की तिसरंच काही?

शहापूरची_गच्ची
घरात ट्यूबखाली रोपं केली आहेत. संकेश्वरी, ब्याडगी, ढबू मिरची आणि थोडे टोमॅटो. सगळी चार ते सहा खऱ्या पानांवर. निम्मी ५० कप्प्यांच्या ट्रेत, निम्मी ४ इंची प्लास्टिकच्या कुंड्यांत. माध्यम कोकोपीट दोन भाग, गांडूळ खत एक भाग. वर २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब, शेंड्यापासून वीतभर उंच, रोज १८ तास. पाणी रोज सकाळी. ट्रेला नळाचं, कुंड्यांना बोअरचं. आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत, लिटरला १ ग्रॅम.

तीन तऱ्हा दिसतात. ट्रेतल्या मिरच्यांची खालची पानं फिकट होऊन गळायलीत. कुंडीतल्या ढबूची शेंड्याकडची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. टोमॅटोची पानं खाली लोंबलेली आणि मागून जांभळट. बाहेर पावसाची झड आहे, खोली दमट. मॅग्नेशियम सल्फेट घालून बघू का?

कॅम्प_रोपवाटिका
अक्का, आत्ता काहीच घालू नका. आधी ट्रे उचलून बघा.

पाणी भरपूर घालून निथळलेला ट्रे हातात किती जड लागतो ते एकदा हाताला कळू द्या. मग न घालता ठेवा आणि रोज उचला. जड ट्रेचं वजन साधारण निम्म्यावर आलं की पाण्याची वेळ झाली. उन्हाळ्यात ट्रेला ते एका दिवसात होतं, कधी दिवसातून दोनदा. झडीच्या दिवसांत, बंद खोलीत तीन-चार दिवस लागू शकतात. तुमचं "रोज सकाळी" हेच मला पहिलं संशयास्पद वाटतं. बेळगावात जुलैमध्ये सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही, हवेत ओल भरलेली, मग पान पाणी उडवणार कुठून? वरून पाणी जात नाही म्हणजे मूळ खालून ओढत नाही.

बोट घालून बघणं कोकोपीटला फसवं आहे. वरचा थर सुकून फिका तपकिरी होतो आणि खाली चिखल असतो. मूठभर माध्यम खालच्या भागातून काढून दाबा. एक-दोन थेंब सुटले तर ठीक. धार लागली तर मुळं बुडालेली आहेत.

दोन्हीकडे पान लोंबतं, त्यामुळे गोंधळ होतो. तहानेनं लोंबलेलं पान पातळ, मऊ, कागदासारखं लागतं, ट्रे हलका असतो आणि पाणी दिल्यावर तासा-दोन तासांत रोप उभं राहतं. बुडून लोंबलेलं पान जाड, ताठ राहून देठापासून खाली वळतं, आणि पाणी दिल्यावर जास्तच पडतं. तुमचे टोमॅटो दुसऱ्या प्रकारातले वाटतात. पानाच्या मागं बारीक खरखरीत फोड असतील तर खात्रीच धरा, मुळं पाणी ढकलतात आणि पान ते सोडू शकत नाही तेव्हा तसे फोड येतात.

एक रोप कप्प्यातून अलगद उपसा. मुळं पांढरी, टोकाला लवदार असली तर काळजी नाही. तपकिरी असतील आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरला, तर ती मूळकूज. तिथं खत म्हणजे विष.

खानापूर_जांभा
यात एक भर. कुंडीच्या तळाला खडी, खापऱ्या घालतात "निचरा व्हावा" म्हणून. ४ इंची कुंडीत हे उलटं होतं. कोकोपीटच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि खालच्या मोठ्या पोकळीत ते सहजी सोडत नाहीत. म्हणजे जो चिखलाचा थर तळाशी असायचा तो खडीच्या वर चढतो, मुळांच्या जवळ. खडी काढा, भोकावर फक्त जाळीचा तुकडा ठेवा. निचरा पाहिजे असेल तर माध्यमातच मिसळा: चार भागांना एक भाग परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) नाहीतर भाताची तुसं. आमच्याकडे गिरणीवर तुसं पोत्यानं मिळतात. फक्त भिजवून, थोडी कुजवून घ्या, नाहीतर कुजताना ती नत्र ओढून घेतात आणि पिवळेपणाला आणखी एक कारण तयार होतं.

आणि गांडूळ खत तिसरा हिस्सा ट्रेला जास्तच. बारीक असतं, पोकळ्या भरून टाकतं. पाचवा-सहावा हिस्सा पुरे.

संकेश्वरी_तिखट
कॅम्पवाल्या काकांचं बरोबर, पण तीन तऱ्हा तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, सगळ्याचं खापर पाण्यावर फोडता येणार नाही.

पहिला प्रश्न एकच: पिवळं होतंय ते जुनं पान की नवं? नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं रोपाच्या आत हलतात. कमी पडली की रोप जुन्या पानातून काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी जातात. लोह, मंगल (मँगनीज), कॅल्शियम, बोरॉन हलत नाहीत, म्हणून तिथं नवी पानं आधी सांगतात. गंधक मधलं, पण बहुतेकदा वरूनच दिसतं.

खालचं पान आख्खं सारखं फिकट झालं तर नत्र. खालच्या पानावर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा तर मॅग्नेशियम. खालच्या पानाची कड जळाल्यासारखी तपकिरी तर पालाश, किंवा क्षार जास्त झालेत. पान गडद हिरवं, मागून जांभळट, वाढ खुंटलेली तर स्फुरद. तेही बहुतेक वेळा खतात कमी नसून गार ओल्या माध्यमात मुळाला घेता येत नाही म्हणून. टोमॅटोला हे पटकन होतं. नव्या पानात शिरा हिरव्या आणि मधे पिवळं, शेवटी पांढरट, तर लोह. नवं पान वाकडं, टोक जळालेलं, तर कॅल्शियम.

आता लावून बघा. ढबूची नवी पानं म्हणजे लोह. तिथं मॅग्नेशियम सल्फेट घालून काय होणार? इंटरनेटवर पान पिवळं दिसलं की एप्सम मीठ (म्हणजे हेच मॅग्नेशियम सल्फेट), हा एक रोगच झालाय. जास्त मॅग्नेशियम कॅल्शियमला आडवं येतं, दुखणं एकाचं दोन होतात.

शहापूरची_गच्ची
पण १९:१९:१९ चालू असताना लोह कसं कमी पडेल?

अथणीकर_बोअर
तुमच्या कुंड्यांना बोअरचं पाणी आहे ना, तिथंच उत्तर आहे. आमच्या अथणीकडं हे रोजचं.

पहिलं, १९:१९:१९ मध्ये लोह मुळात नसतं. कॅल्शियम नाही, मॅग्नेशियमही नाही. नत्र, स्फुरद, पालाश एवढंच. त्यातलं नत्रही निम्म्याहून जास्त युरियाच्या रूपात: १९ पैकी साडेदहा भाग. युरिया मुळाला वापरता यायला आधी माध्यमातल्या जिवाणूंनी तो फोडावा लागतो. गार, कोंदट कोकोपीटमध्ये ते काम मंद. म्हणून लिटरला १ ग्रॅम घालूनही ट्रेतल्या मिरच्यांना नत्र कमी पडलेलं दिसू शकतं.

दुसरं, बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट (आम्लपणा मारणारे विरघळलेले क्षार) असतात. एक-दोन पाण्यात कळत नाही, पण दर पाण्याला माध्यमाचा सामू (पीएच) थोडा-थोडा चढतो. कोकोपीटमध्ये ५.८ ते ६.५ पाहिजे. सातच्या वर गेला की लोह तिथंच असून रोपाला मिळत नाही. काळ्या रानात ऊस पिवळा पडतो तेही असंच असतं बरेचदा.

त्यामुळं अंदाज सोडा आणि मोजा. पीएच पेन आणि टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), दोन्ही. पीएच पेन ७ आणि ४ च्या बफरवर (सामू ठरलेल्या द्रावणावर) जुळवून घेतल्याशिवाय त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. टीडीएसवाले पेन बहुतेक ५०० च्या हिशोबाचे असतात, म्हणजे ५०० पीपीएम म्हणजे ईसी (क्षारांचं विजेच्या वाहकतेवरून घेतलेलं माप) १. काही ७०० चे असतात, पाकिटावर बघा.

मोजायची रीत: कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या. अर्धा-पाऊण तास थांबा. मग खाली स्वच्छ वाटी ठेवून वरून आरओचं नाहीतर बॅटरीचं शुद्ध पाणी हळूहळू ओता, वाटीत ५० मिली उतरेपर्यंतच. ते उतरलेलं पाणी मोजा. सामू आणि ईसी दोन्ही लिहा. रोपांना ईसी १ ते २ च्या आसपास चालतो. अडीच-तीनवर गेला तर कडा जळायला लागतात. १ च्या खाली असेल तर भूक. ट्रेच्या बाबतीत दोन-तीन कप्प्यांतलं माध्यम फडक्यात दाबून पाणी काढा.

निपाणी_बाग
पिवळेपणा सगळीकडं सारखा आहे की ठिपक्या-ठिपक्यांचा, गडद-फिका असा चट्टेरी? फोटो बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण चट्टेरी आणि पान थोडं खडबडीत असेल तर तो मोझॅक विषाणू असू शकतो. त्याला खत नाही, पाणी नाही, औषध नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाकायचं.

आमच्या निपाणी भागात हे खास सांगावं लागतं, कारण तंबाखूचा मोझॅक मिरची आणि टोमॅटोला लागतो आणि तो हातानं जातो. वाळलेल्या तंबाखूतही विषाणू जिवंत राहतो. विडी ओढलेल्या, तंबाखू मळलेल्या हातानं रोप खुडलं की संपलं. घरात कोणी तंबाखू खात असेल तर ट्रेला हात लावण्याआधी साबणानं दोन मिनिटं हात धुवायचे. पुनर्लागणीच्या वेळी साय काढलेल्या दुधाची भुकटी पाण्यात घोळवून त्यात हात बुडवत काम करतात, दुधातली प्रथिनं विषाणूला निकामी करतात. सॅनिटायझरवर भरवसा नको. घरचं बी असेल तर पेरण्याआधी ट्रायसोडियम फॉस्फेटच्या १० टक्के द्रावणात १५ मिनिटं, मग वाहत्या पाण्यात चांगलं धुऊन. हातमोजे घाला, ते द्रावण कातडीला झोंबतं.

शहापूरची_गच्ची
चट्टे नाहीत, सारखं पिवळं आहे. मोजलं.
नळाचं पाणी: सामू ७.१, टीडीएस ७०.
बोअर: सामू ७.८, टीडीएस ६२०.
कुंडीतल्या ढबूचा निथळ: सामू ७.४, ईसी २.१.
ट्रेतल्या मिरचीचं दाबून काढलेलं: सामू ६.३, ईसी ०.६.
ट्रेतली मुळं बरीच पांढरी, टोकं थोडी तपकिरी. दाबल्यावर धार लागली. आणि बारीक काळ्या माश्या उडतात, हे सांगायचं राहिलं. पेन ५०० चाच आहे.

अथणीकर_बोअर
झालं, आकड्यांनी सांगितलं. घर एक आणि दुखणी दोन.

ढबूच्या कुंड्या: बोअर बंद, नळाचं पाणी सुरू. पहिल्यांदा प्रत्येक कुंडीतून अर्धा लिटर नळाचं पाणी हळूहळू सोडा, साठलेले क्षार निघून जातील. झडीत हे करताना पंखा लावा आणि नंतर कुंडी निम्म्या वजनावर येईपर्यंत हात लावू नका. मग चिलेटेड लोह, म्हणजे रोपाला घेता यावं म्हणून दुसऱ्या रसायनाच्या पकडीत धरलेलं लोह. दुकानात दोन प्रकार मिळतात. ईडीटीए १२ टक्केवालं स्वस्त, पण सामू साडेसहाच्या वर गेला की त्याची पकड सुटते. तुमच्या ७.४ ला ईडीडीएचए ६ टक्केवालं घ्या, १० लिटर पाण्याला १ ग्रॅम, मुळाशी, एकदा. लालसर पाणी होतं, पानावर उडू देऊ नका, डाग पडतात. ईडीटीएवालंच पदरात असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, सात-आठ दिवसांनी परत. आधीची पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. नवं येणारं पान बघायचं.

नळाला पाणी नसेल आणि बोअरच वापरावं लागलं तर सायट्रिक आम्लानं सामू ६ वर आणा. १० लिटरमध्ये पाव-पाव ग्रॅम घालत, ढवळत, मोजत जा. एकूण किती लागेल ते पाण्यातल्या बायकार्बोनेटवर ठरतं. आदल्या दिवशी करून ठेवू नका, सामू परत चढतो. पावसाळा आहे, पत्र्याचं पाणी पिंपात धरा की, त्याच्यासारखं पाणी नाही. पहिल्या पावसाचं तेवढं सोडून द्यायचं.

माती-पाणी नीट तपासून घ्यायचं असेल तर मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अरभावीच्या उद्यानविद्या कॉलेजात विचारा. पेननं बायकार्बोनेट कळत नाहीत.

संकेश्वरी_तिखट
ट्रेतल्या मिरच्या: ईसी ०.६, नळाचं पाणी मऊ, कोकोपीट. इथं खरोखर भूक आहे, पण बुडालेल्या मुळांना जेवण घालून उपयोग नाही. क्रम चुकवू नका. आधी ट्रे निम्म्या वजनावर येऊ द्या. मग खत.

कोकोपीट धुतलेलं होतं का? वीट भिजवून पहिलं पाणी टाकून दिलं नसेल तर त्यात सोडियम आणि पालाश धरून बसलेलं असतं. रोपाला दिलेलं कॅल्शियम ते आधी स्वतः गिळतं. पुढच्या वेळी वीट फुलवली की कॅल्शियम नायट्रेट लिटरला ५ ग्रॅमच्या पाण्यात रात्रभर ठेवा, निथळा, मग दोनदा साध्या पाण्यानं धुवा.

आत्ता: एका पाण्याला कॅल्शियम नायट्रेट लिटरला पाऊण ग्रॅम. पुढच्या पाण्याला १९:१९:१९ पाऊण ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट पाव ग्रॅम. त्याच्या पुढचं पाणी साधं. कॅल्शियम नायट्रेट आणि बाकीचं एका बादलीत कधी एकत्र करू नका, दुधासारखं पांढरं होऊन खाली बसतं, मग ते ना रोपाचं ना तुमचं. कॅल्शियम नायट्रेटमधलं नत्र जवळजवळ सगळं नायट्रेट असतं, थंड ओल्या दिवसांत ते मुळाला लगेच मिळतं. म्हणून झडीत मी ते आधी सांगतो.

शहापूरची_गच्ची
बरं, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट लागलंच की शेवटी. 😀

संकेश्वरी_तिखट
पाव ग्रॅम! चमचा भरून नव्हे.

कॅम्प_रोपवाटिका
माश्यांचं कोणी घेतलं नाही. त्या कुजट माश्या. उडणाऱ्या माश्या निरुपद्रवी, पण त्यांच्या अळ्या ओल्या माध्यमात राहून मुळांचे केस खातात आणि मूळकुजीला वाट करून देतात. कच्च्या बटाट्याची चकती माध्यमावर पालथी ठेवा, दोन दिवसांनी उलटा. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या दिसल्या तर आहेतच. वरचा एक-दोन सेंटिमीटर थर प्रत्येक पाण्याआधी सुकू दिला की त्यांची पिढी तिथंच मोडते. सोबत पिवळी चिकट पट्टी ट्रेच्या उंचीला आडवी ठेवा. गांडूळ खत वरून पसरत असाल तर बंद करा.

पाणी खालून द्या. पसरट ताटात एक बोट पाणी, त्यात ट्रे १५-२० मिनिटं, मग उचलून तिरका धरून निथळा. ताटात पाणी साठवून ठेवायचं नाही. मात्र तीन-चार वेळा खालून दिल्यावर एकदा वरून भरपूर द्या, नाहीतर क्षार वरच्या थरात चढून बसतात. आणि एक लहान पंखा, रोपं जेमतेम हलतील एवढा, दिवसभर. तपकिरी टोकांसाठी ट्रायकोडर्मा लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी मुळाशी. ते जिवंत बुरशीचं आहे, त्याच आठवड्यात दुसरं बुरशीनाशक ओतू नका. बुंध्याशी पाणी लागल्यासारखा मऊ डाग पडून रोप आडवं झालं तरच मेटॅलॅक्सिल-मँकोझेब लिटरला २ ग्रॅम. तेव्हा ट्रायकोडर्मा विसरा.

लाइट १८ ऐवजी १४ ते १६ तास. टोमॅटोला तर रात्रीचा अंधार लागतोच. चोवीस तास दिवा ठेवला तर नुसत्या उजेडानं पानं डागाळून पिवळी पडतात, आणि माणूस खत शोधत बसतो.

चिकोडी_ऊस
एक वेगळी गोष्ट. आपल्याकडं चिकोडी, रायबाग, हुक्केरी पट्ट्यात उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारतात. तोच पंप धुऊन रोपांवर वापरला तर टोमॅटोची पानं अरुंद, पिळलेली, नेच्यासारखी होतात, शिरा समांतर येतात. विषाणूसारखं दिसतं, पण नसतं. हा पंप नुसत्या पाण्यानं साफ होत नाही. रोपांसाठी दोन लिटरचा वेगळा हातपंप ठेवा, त्यावर नाव लिहा.

तसंच कारखान्याच्या मळीचं (प्रेसमड, उसाच्या रसातला गाळ). पूर्ण कुजलेली असेल तर मोठ्या कुंडीत चालते. कच्ची मळी तापते, अमोनिया सोडते. ट्रेत तर कुजलेलीही नकोच.

शहापूरची_गच्ची
ताजी खबर. ट्रे हलके झाल्यावरच पाणी देते आहे, टोमॅटोची पानं वर आली. ढबूचं नवं पान हिरवं निघालंय. पण दोन ब्याडगी रोपांची शेंड्याची पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली आहेत. हे पण लोह?

संकेश्वरी_तिखट
नाही. वर वळलं म्हणजे फुलकिडे, खाली वळून देठ लांबला म्हणजे कोळी (माइट, अगदी बारीक कीड). मिरचीत हा फरक लक्षात ठेवा. पांढऱ्या कागदावर शेंडा टिचकी मारून झटका, पिवळसर बारीक रेषा चालताना दिसतील. कोळी भिंगाशिवाय दिसत नाहीत.

ती दोन रोपं लगेच बाकीच्यांपासून लांब ठेवा. निळी चिकट पट्टी लावा, पिवळीपेक्षा निळीवर ते जास्त येतात. निंबोळी तेल लिटरला ३ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून फेटा. पानाच्या मागून फवारा, दिवा बंद झाल्यावर, पाच दिवसांनी परत. कोळी निघाले तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. पण निंबोळी तेल मारल्यावर पंधरा दिवस गंधक नाही, पानं करपतात. आधी झटकून बघा, मग काय ते ठरवा.

शहापूरची_गच्ची
झटकलं, रेषा चालताना दिसल्या. दोन्ही रोपं मागच्या खोलीत नेली. बाहेर लावायचं कधी?

खानापूर_जांभा
झड उघडल्यावर. आधी आठवडाभर कट्ट्यावर सावलीत, पहिल्या दिवशी दोन तास, मग वाढवत. ट्यूबखाली वाढलेलं पान थेट उन्हात ठेवलं तर पांढरे चट्टे पडतील आणि तुम्ही परत इथं येऊन पिवळेपणा विचाराल. त्या आठवड्यात पाणी थोडं ओढून धरा, खत बंद. तांबड्या मातीत लावणार असाल तर खड्ड्यात मूठभर चुना नको, आधी सामू बघा. आमच्या जांभ्याच्या मातीत तो साडेपाचच्या आसपास असतो, तुमच्या शहापूरकडं काळी मिसळलेली असेल तर चुन्याची गरजच नाही.

निपाणी_बाग
आणि ट्रे परत वापरायचे असतील तर माती घासून काढून ब्लीचिंगच्या पाण्यात अर्धा तास, मग धुऊन उन्हात. ऊन निघालं तर.